वैदे, त्या सकाळी तू काय पाहिलंस?

पुणे, रविवार

प्रिय वैदे,

पाकीट बघून हसशील, हस. फोनवर हे जमणार नाही. तू मधेच "अगं थांब, कार्ट्याने नाकात शेंगदाणा घातला" म्हणणार आणि मी विषय सोडून देणार. शिवाय या खेपेला तुला मधे बोलू द्यायचंच नाहीये.

इकडचं क्षेम असं: आईचा गुडघा तसाच, बाबांची साखर तशीच, आणि मी ठणठणीत असल्याचं चार रिपोर्टांवर छापून आलंय.

रिपोर्ट कसले, तर पावसाळ्यापासून माझ्या छातीत धडधडतंय. जिने चढताना काही नाही, बसमागे पळताना काही नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलं की सुरू. एक ठोका गळतो, पोटात खड्डा पडतो आणि पुढचा आतून कुणी दारावर बुक्की मारल्यासारखा येतो. कधी ओळीने तीन-चार. पहिल्या रात्री मी रूममेटला उठवून माझी एफडी कुठल्या बँकेत आहे ते सांगितलं. ती आधी हसली, मग रिक्षा करून घेऊन गेली. ईसीजीच्या वायरी लागेपर्यंत सगळं शांत. ड्युटीवरचा पोरगा म्हणतो, "टेन्शन आहे का काही? घरी लग्नाचं बघतायत का?" अंगाला वायरी नसत्या तर तुझ्या पद्धतीने उत्तर दिलं असतं.

मग सगळं रीतसर झालं. थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन जरा कमी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) छान. मग हॉल्टर. छातीला चिकटपट्ट्या, कमरेला डबी, चोवीस तास आंघोळ नाही आणि काही वाटलं की वहीत वेळ लिहायची. (हे यंत्र 1940 च्या दशकात निघालं तेव्हा पाठीवर घ्यावं लागायचं, वजन 38 किलो. म्हणजे दहावीतली तू.) वही मी अगदी मन लावून लिहिली. रिपोर्टात निघालं ते असं की दिवसभरात लाखभर ठोके पडले, त्यात काही शे आगाऊ. त्यातले बहुतेक मला कळलेच नव्हते. आणि जिथे मी "फार धडधड!!" असं दोन उद्गारचिन्हांसह लिहिलं होतं, तिथे काही वेळा आलेख सरळ चालला होता.

डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत, कागदावर चित्र काढून सांगतात. ठोका गळत नाही म्हणे, घाई करून आधीच पडतो. तोवर हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो मनगटाला लागत नाही. मग जरा लांब खंड पडतो, त्यात रक्त जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. म्हणजे मी ज्याला घाबरते तो बिघडलेला नाही, त्याच्या मागून आलेला चांगला ठोका. का होतं? हृदयाचा आकार नि काम नीट असेल तर बहुतेकांत कारण सापडत नाही. जागरण, ताप, चहा, पाळीच्या आधीचे दिवस यांनी काही जणींना वाढतं. गोळी नको म्हणाल्या. चक्कर येऊन पडलीस किंवा पळताना झालं तर मात्र लगेच ये.

तर चहा दोन कपांवर आणलाय. घड्याळ काढून ठेवलंय, कारण ते मिनिटाचे ठोके 96 दाखवायचं आणि ते बघून 110 व्हायचं. मीटिंगमध्ये टेबलाखाली नाडी धरायची सवय मात्र सुटत नाही. बॉसला वाटतं मी घाईत आहे.

पण पत्र यासाठी नाही.

शेवटच्या खेपेला आई बरोबर होती. मॅडमनी विचारलं, "घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय? झोपेत, खेळताना, पाण्यात?" माझं तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही हो, कुणी नाही." मी म्हटलं, "दादामामा." आई म्हणाली, "तो बुडाला. ते वेगळं." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "पोहता येत होतं त्यांना?"

वैदे, पोहता येत होतं त्यांना! तुझ्या-माझ्या पाठीला डबे कुणी बांधले? पुरात आयर्विन पुलावरून उडी मारून माई घाटाला निघणारा माणूस तो. आई परतीच्या रिक्षात म्हणाली, पट्टीचा पोहणाराच बुडतो. सांगलीत सगळे भोवरा म्हणाले. मे महिन्यात? पाणी किती होतं आठव.

मॅडम म्हणाल्या, काही घराण्यांत ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. लाँग क्यूटी म्हणतात. माणूस एरवी धडधाकट असतो, पण पोहताना किंवा एकदम दचकल्यावर ठोक्यांची लय विस्कटते आणि शुद्ध जाते. पाण्यात शुद्ध गेली की लोकांना तो बुडालाच दिसणार. माझा क्यूटी, म्हणजे तो सज्ज व्हायचा वेळ, नीट आहे. लांबलेला क्यूटी साध्या ईसीजीत कधी लपतो म्हणून ट्रेडमिलवर पळवूनही बघितलं. माझी धडधड आणि हे, दोन्हींचा संबंध दिसत नाही म्हणाल्या. पण मामांना मुलं आहेत का, असं विचारलं. आई-बापांपैकी एकाला असेल तर मुलात यायची शक्यता निम्मी.

ओम्या, वैदे. रोज नदीवर जातो तो.

आता आपलं जुनं भांडण. तू म्हणायचीस मामाने हात वर केला, हाक मारल्यासारखा. मी म्हणायचे नाही, तो नुसता थांबला, हात-पाय मारलेच नाहीत. त्यावरून आपण आठवीची अख्खी सहामाही बोललो नव्हतो आणि तू माझी कंपासपेटी घेतलीस ती अजून दिलेली नाहीस. मी अजून तेच म्हणते. पण मला आता जिंकायचं नाहीये. बुडणारा माणूस धडपडतो की नाही, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही हेही मला कळतं. तरी त्या सकाळी घाटावर आपण दोघीच होतो. तुला काय दिसलं ते लिही. आठवत नसेल तर तसं लिही, माझ्यासाठी काही जुळवू नकोस.

आणि मामीकडे जा. मी फोन केला तर ती म्हणाली, "बारा-तेरा वर्षांनी काय उकरतेस?" आणि ठेवला. तुझं ऐकते ती. ओम्याचा एक ईसीजी, क्यूटी मोजून बघा असं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं आणि घरात काय झालं तेही. काही निघालंच तर बहुधा रोज एक गोळी असते, बीटा ब्लॉकर, आणि पोहणं बंद. तोवर नदीवर जाऊ नको म्हणावं. माझं सांगून बघितलं, त्याने हसरा बाहुला पाठवला.

तुझी नेटची परीक्षा कधी आहे? सासूबाई आल्यात की गेल्या? शाळेत कायम केलं का? हे सगळं नीट विचारायला हवं होतं, पण पानाची जागा संपली.

तुझी,
चिमी

ता. क. मामीकडे जाशील तेव्हा आईला कळू देऊ नकोस. आणि भडंग पाठव. मॅडमनी चहा कमी करायला सांगितलंय, भडंगाविषयी त्या काही बोलल्या नाहीत.