दाखला छापलात, पण वाचला नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन पायदळ शिपायावर लेख आला. लेखकाची तळमळ मान्य आहे. पण शीर्षक ‘स्वेच्छेने रणात उतरलेला तरुण’, आणि खाली त्याच तरुणाच्या सेवामुक्तीच्या दाखल्याचा फोटो! त्या दाखल्यावर दोन वेगळे रकाने असतात. एक सक्तीने दाखल करून घेतल्याच्या तारखेचा, दुसरा स्वतःहून नाव नोंदवल्याच्या तारखेचा. इथे दुसरा कोरा आहे आणि पहिल्यात फेब्रुवारी 1944. शिवाय लष्करी क्रमांक 3 ने सुरू होतो. आपखुशीने आलेल्यांचा 1 ने आणि नॅशनल गार्ड या राज्यांच्या राखीव दलातून आलेल्यांचा 2 ने सुरू होई. आणखी काय पुरावा हवा होता?

मुळात 1944 साली वीस वर्षांच्या पोराने भरती कार्यालयात जाऊन सही ठोकून यावे अशी सोयच उरली नव्हती. 18 ते 37 वयाच्या पुरुषांची थेट भरती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने डिसेंबर 1942 मध्ये बंद झाली. फारच उत्साह असला तर ‘माझा नंबर आधी लावा’ असे आपल्या भागातल्या भरती मंडळाला सांगता येई, इतकेच.

ही चूक एकवेळ सोडून देता येईल. ‘ज्या सवंगड्यांबरोबर कवायत केली, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून शेवटपर्यंत लढला’ हे वाक्य मात्र सोडवत नाही. हा माणूस बदली शिपाई होता. फेब्रुवारीत घेतलेला, 17 आठवडे प्रशिक्षण, ऑगस्टअखेर बोटीवर आणि नोव्हेंबरात जर्मनीतल्या हुर्टगेनच्या जंगलात. अमेरिकन सैन्य डिव्हिजन मागे घेऊन पुन्हा उभी करण्याऐवजी तिला आघाडीवरच ठेवी आणि पडलेल्या माणसांच्या जागी सुटी माणसे पाठवत राही. हुर्टगेनमध्येच लढलेल्या चौथ्या पायदळ डिव्हिजनचे बळ साधारण 14 हजार होते, आणि युद्धभरातली हानी (मेलेले, जखमी, बेपत्ता सगळे धरून) 22 हजारांवर. हे गणित बदली माणसांशिवाय जमतच नाही. असा शिपाई डेपोतून डेपोत ढकलला जाई, वाटेत सोबतीला मिळालेली चार पोरे चार कंपन्यांत वाटली जात. हातात नवीन रायफल, तिचा नेम स्वतःच्या डोळ्याशी जुळवून घ्यायलाही कित्येकांना वेळ मिळत नसे. रात्री अंधारात खड्ड्यात आणून सोडायचे. सार्जंटला त्याचे नाव पाठ होण्याआधी तो स्ट्रेचरवर गेलेला असे. कसले सवंगडी घेऊन बसलात?

‘पायाला किरकोळ इजा’ हाही तसलाच शब्द. ते ट्रेंच फूट. त्याला बर्फ लागत नाही. थंड ओल्यात पाय तासन् तास राहिला की रक्तवाहिन्या आकसतात, पाय आधी बधिर होतो, मग पांढराफटक पडतो आणि ऊब मिळाली की सुजून असा ठणकतो की पांघरुणाचा भार सोसत नाही. उपाय सगळ्यांना ठाऊक होता: दिवसातून एकदा बूट काढा, पाय चोळा, कोरडे मोजे चढवा, ओले मोजे शर्टाच्या आत अंगाशी ठेवून वाळवा. आता पाण्याने भरलेल्या खड्ड्यात, वर तोफगोळे फुटत असताना, बूट काढून दाखवा. बुटांवर घालायचे रबरी जोडे तर त्या हिवाळ्यात पुरेसे पोचलेच नव्हते. ही इजा पर्पल हार्टला, म्हणजे लढाईत जखमी झालेल्याला मिळणाऱ्या पदकाला, चालत नसे. पदक नाही म्हणजे घरी जाण्याचा नंबर ठरवणारे त्याचे 5 गुणही नाहीत.

आणि इथेच ‘युद्ध संपताच घरी परतला’ हे कोसळते. मे 1945 मध्ये घरी जायला 85 गुण लागत. सेवेच्या प्रत्येक महिन्याला 1, परदेशातल्या महिन्याला आणखी 1, प्रत्येक पदकाला किंवा मोहिमेच्या ताऱ्याला 5 आणि प्रत्येक मुलामागे 12, तेही तीन मुलांपर्यंतच. या अविवाहित पोराचे तेव्हा 40 सुद्धा भरत नव्हते. 2 सप्टेंबर 1945 ची बेरीज दाखल्याच्या शेऱ्यात टाइप केलेली आहे: 46. सेवेचे 19, परदेशातले 12, तीन ताऱ्यांचे 15. नोव्हेंबरातही अट 60 ची होती. 1946 उजाडेपर्यंत तो जर्मनीतच पहारा देत असणार.

पुढच्या आयुष्याला आपण एक परिच्छेद दिलात, त्यातही ‘सरकारने घर बांधून दिले’. नाही हो. परतलेल्या सैनिकांसाठीच्या 1944 च्या जी. आय. कायद्याने सरकार कर्जाला हमी देई, कर्ज बँक देई. याच फटीतून कृष्णवर्णीय सैनिकांना बँकांनी सर्रास परत पाठवले. कॉलेजच्या फीसाठी वर्षाला 500 डॉलरपर्यंत मिळत, बेकाराला आठवड्याला 20 डॉलर, जास्तीत जास्त 52 आठवडे. ब्राँझ स्टार हे पदकही घरपोच आला नव्हता. लढाऊ पायदळ बिल्ला असलेल्यांना तो द्यायचे 1947 मध्ये ठरले, पण अर्ज शिपायाने करायचा. अनेकांना हे कळलेही नाही.

‘1973 च्या आगीत कागद जळाल्याने अधिक माहिती मिळणे अशक्य’ हा समारोप तर सोयीचाच. सेंट लुईसच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या त्या आगीत 1912 ते 1960 दरम्यान सुटलेल्या लष्करी माणसांच्या सुमारे 80 टक्के फायली गेल्या, खरे आहे. पण कंपन्यांचे रोजचे हजेरी अहवाल वाचले. कोण कधी आला, कधी इस्पितळात गेला, सगळे त्यात आहे. शेवटच्या पगाराच्या पावत्याही आहेत. परतलेले बरेच जण आपला दाखला काउंटीच्या कचेरीत नोंदवून ठेवत, तिथेही पाहता येते. लेखकाच्या हातात तर मूळ दाखलाच होता!

जाता जाता: हा दाखला आपण पोस्टाच्या तिकिटाएवढा छापलात. भिंग घेऊन वाचावा लागला. बाजूची अर्धा पान जागा मात्र ज्या रायफलच्या चित्राला दिलीत, तिला खाली बाकदार मॅगझिन लटकते आहे. त्या युद्धात अमेरिकन पायदळाच्या हातात असलेल्या एम वन गॅरंड रायफलीला असले काही नसते. आठ काडतुसांची क्लिप वरून अंगठ्याने दाबून आत बसवतात, आणि अंगठा वेळेवर काढला नाही तर बोल्ट त्यावर येऊन आदळतो.

कळावे,
आपला एक वाचक