जुने टायर आणि डास

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

मागच्या अंगणात रचलेल्या जुन्या टायरांचं पावसाळा लागला की बघू, असं तू लिहिलंस. तोवर उशीर झालेला असेल. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी थेट पाण्यात अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टायरच्या ओलसर आतल्या भिंतीला चिकटवते. काळ्या रबरावर काळी अंडी, मिलिमीटरहूनही लहान, म्हणजे दिसायची नाहीतच. पाणी आटलं तरी ती महिनोन् महिने तग धरतात आणि पुढच्या पावसाचं पाणी तिथवर चढलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून टाकून उपयोग नाही तो यामुळेच. उन्हाळ्यातच आतली भिंत ताठ ब्रशने, साबणाच्या पाण्याने घास. रिमवर बसणाऱ्या काठाच्या आतली खोबण हमखास राहून जाते, तिथे हात फिरव.

मुसळधार पावसाची मला तितकी धास्ती नाही, भरून वाहणाऱ्या टायरातून बऱ्याच अळ्या वाहून जातात. वाईट ती उघडीप. एक सर पडते, मग आठवडाभर ऊबदार हवा. 25 ते 30 अंशांत अंडं फुटल्यापासून उडता डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून पाणी काढत जा. टायर आडवा असो की उभा, थोडं पाणी आत राहतंच. ते कापडाने टिपावं लागतं.

15 अंशांच्या आसपास हीच वाढ महिनाभर रेंगाळते. पण थंडीवर विसंबू नकोस. एडिस अल्बोपिक्टस या एडिसच्याच एका जातीच्या थंड प्रदेशातल्या माद्या दिवस लहान झाले की सुप्त अंडी घालतात, ती हिवाळा काढतात. 1985 साली हा डास अमेरिकेत ह्यूस्टनला आढळला, तो आशियातून आलेल्या जुन्या टायरांतूनच पोचला असं मानतात.

कडक उन्हात टायरातलं पाणी 40 अंशांपुढे गेलं तर अळ्या मरतात. झाडाखालचे टायर मात्र आधी हलव: तिथे सावलीही आणि कुजक्या पानांवर वाढणारे जिवाणूही, म्हणजे अळ्यांना आयतं खाणं. ताडपत्री टाकलीस तर उताराने ताणून बांध. सैल राहिली तर तिच्याच खळग्यात डास होतील. झोपाळ्याच्या टायरला तळाशी अंगठ्याएवढी तीन-चार भोकं पाड. आत पोलादी तारा असतात, ड्रिल सावकाश चालव. पानांनी ती भोकं बुजतात, तेवढं अधूनमधून बघ.

खरं तर लागणारे दोन ठेवून बाकीचे देऊनच टाक.

तुझे बाबा