किचन कट्ट्याच्या काळ्या ग्रॅनाइटचा रंग निघतोय आणि सिंकपाशी चीर पडलीय, बदलून मिळणेबाबत

प्रति,
मॅनेजर साहेब,

नमस्कार. फेब्रुवारीत कळंब्याच्या आमच्या नवीन घरासाठी तुमच्याकडनं काळा ग्रॅनाइट नेला, 62 स्क्वेअर फूट, 210 रुपयांनी, 13,020 रुपये रोख भरलेत, बिल माझ्याकडं आहे. आतापर्यंत पाच वेळा फोन केला, दरवेळी 'उद्या माणूस पाठवतो' म्हणता आणि कोण येत नाही, म्हणून आता सगळं लिहूनच काढते.

वास्तुशांती झाल्यावर आठवड्याभरातच कट्टा पुसायचं फडकं काळं व्हायला लागलं. मला वाटलं पॉलिशचं काहीतरी असेल, जाईल चार दिवसांत. मग एक दिवस सासूबाईंनी पोह्यावर पिळून झालेलं अर्धं लिंबू कट्ट्यावर पालथं ठेवलं ते रात्रभर तसंच राहिलं आणि सकाळी बघते तर तिथं पांढुरकं गोल वर्तुळ. घासलं, खोबरेल लावलं, तेवढ्यापुरतं दिसेनासं होतं, परत आहे तसंच. जुन्या घरात आमच्याकडं कडाप्पा होता, त्याला लिंबू-चिंच लागली की डाग पडायचा, पण तो चुनखडीचा दगड, आंबटानं खाल्ला जाणारच हे आम्हाला माहीत होतं. म्हणून तर ह्यांनी जास्तीचे पैसे घालून ग्रॅनाइट घेतला. 'ग्रॅनाइटला लिंबानं काय होत नाही मॅडम' हे तुमच्याच सेल्समनचं वाक्य आहे, आणि ते खरंच आहे, खऱ्या ग्रॅनाइटला होत नाही.

माझा भाऊ कॉलेजात भूगोल शिकवतो, तो आला तेव्हा म्हणाला नेलपॉलिश रिमूव्हर आण. कापसावर घेऊन कोपऱ्यात दोनदा पुसलं तर कापूस काजळ पुसल्यासारखा काळा. मग त्यानं कट्ट्याखाली मोबाईलची बॅटरी मारली. खालनं दगड राखाडी आहे साहेब! राखाडी, मधे पांढरे दाणे, आणि वर चिकटवलेली फायबरची जाळी. जाळी लावलेली असते ते मी समजू शकते, कच्च्या स्लॅबला आधार म्हणून लावतात, पण मग स्लॅब कच्ची आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं असतं. तुम्ही करड्या दगडाला काळा रंग देऊन 'नॅचरल जेट ब्लॅक' म्हणून विकलाय. बिलावर मात्र नुसतं 'ब्लॅक' लिहिलंय, कुठला दगड त्याचा पत्ता नाही. खरा काळा दगड कर्नाटकात चामराजनगरकडं निघतो, ठिपक्याचा ब्लॅक गॅलक्सी ओंगोलजवळच्या चिमकुर्तीचा, नाव-गाव असतंच की प्रत्येक दगडाला.

आता चिरेचं. जूनमध्ये सिंकच्या पुढच्या डाव्या कोपऱ्यातनं केसाएवढी रेघ दिसली, आता ती पार कडेपर्यंत गेलीय आणि त्यात हळद बसून पिवळी दिसते, टूथब्रशनं घासली तरी निघत नाही. रोज भांडी घासताना पाणी त्यातनं मुरतं आणि खालच्या डब्यांवर टपकतं. फोनवर तुमचा माणूस म्हणतो गरम कुकर ठेवला असेल. आमची शेगडी दुसऱ्या टोकाला आहे, सिंकपाशी कुकर कोण ठेवतं? सिंकचा कट तुमच्याच कारागिरानं ग्राइंडरनं मारला, कोपरे गोल न करता काटकोनात कापले आणि पुढं जेमतेम अडीच इंचाची पट्टी ठेवली. सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो, चीर तिथनंच सुटते. शिवाय स्लॅब टेम्पोत आडवी टाकून आणली होती, मी तेव्हाच बोलले की उभी आणायची असते ना, तर तुमचा माणूस 'काय होत नाही वहिनी' म्हणाला.

मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतंय सांगू का, राखाडी आहे म्हणून सांगितलं असतं तर मी राखाडी पण घेतला असता. तो पाणी-तेल जास्त शोषतो, त्याला सीलर मारून घ्यावा लागतो, तेवढं सांगितलं असतं तर केलं असतं. आता तांबड्या रश्श्याचा थेंब सांडला की सासूबाई आधी फडकं घेऊन धावतात, ज्यांनी पंचवीस वर्षं कडाप्प्यावर निवांत स्वयंपाक केला त्या नवीन घरात भीतभीत वावरतात. घर काय रोज बांधतो का आम्ही.

तर माझं म्हणणं एवढंच, पूर्ण कट्टा बदलून द्या, काढायची आणि बसवायची मजुरी तुमची, सिंकचे कोपरे गोल आणि खाली आधार, आणि नवीन बिलावर दगडाचं नाव लिहून. नवीन स्लॅब गोडाऊनमध्येच रिमूव्हरनं पुसून बघणार, मगच टेम्पोत चढवायची. नसेल जमत तर 13,020 आणि बसवायची मजुरी परत करा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवून कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, दोन वर्षांची मुदत असते, आमचे तर सहाच महिने झालेत. बिल, कापसाचा, लिंबाच्या डागाचा आणि खालच्या जाळीचा फोटो सोबत जोडलाय.

गौरी यायच्या आधी हे व्हायला पाहिजे, घरात पहिल्याच गौरी आहेत. माणूस पाठवणार असाल तर सकाळी दहाच्या आत पाठवा, नंतर मी शाळेत असते आणि सासूबाईंना जिना चढ-उतार करून दार उघडायला जमत नाही.

आपली ग्राहक,
कळंबा, कोल्हापूर