बाबांचे कान आणि माझी रात्रपाळी

ती. आई-बाबा,
सा. न.

फोन करायचा सोडून हे एवढं लांबलचक टाईप करून का पाठवतेय असं वाटेल तुम्हाला, तर फोनवर बाबा सगळ्याला "हो हो, बरं बरं" म्हणतात आणि आईच्या हातात फोन देतात, आणि मग आई मला हळूच सांगते की त्यांना काही कळलं नाही. वाचायचा मात्र बाबांना कधीच कंटाळा नाही, चष्मा लावून पेपरातल्या बारीक जाहिरातीपण वाचून काढतात. म्हणून हे बाबांनी स्वतः वाचायचं आहे. आई, तू नंतर वाच.

आधी माझी खबर. बरी आहे, जेवते वेळेवर, म्हणजे माझ्या वेळेवर. मुंबईत मैदानातले फेस्टिव्हल सगळे थंडीतले, महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून लोलापलूझा होतो तोसुद्धा जानेवारीत नाहीतर मार्चमधे, कारण मे महिन्यात उघड्यावर दिवसभर कोण उभं राहणार आणि जूनपासून नुसता चिखल. त्यामुळे आत्ता उन्हाळ्यात माझं डीजेचं काम एसीच्या बंद जागेत, शुक्रवार-शनिवार लोअर परळ, मधेच कधी खार नाहीतर बांद्रा. दीडला बंद करावंच लागतं. मग हेडफोन आणि दोन पेनड्राइव्ह बॅगेत टाकायचे, हिशोब घ्यायचा, आणि अडीचपर्यंत घरी. गाडी क्लबवालेच देतात आणि लोकेशन दादाला शेअर असतं, तेव्हा आई, तू साडेबाराला उठून व्हॉट्सअपवर माझं लास्ट सीन बघणं बंद कर.

तुम्ही कधी विचारलं नाहीत की मी तिथे नक्की करते काय, आणि मीपण कधी नीट सांगितलं नाही. नऊ वाजता मी चालू करते तेव्हा फ्लोअरवर कोणी नसतं, लोक खात असतात, बोलत असतात, त्यांना बोलता आलं पाहिजे एवढ्याच आवाजात आणि मिनिटाला एकशे अठरा-वीस ठोके एवढ्याच वेगात वाजवायचं. घाई केली की रात्र फुकट जाते. एका कानावर हेडफोन, त्यात पुढचं गाणं, दुसरा कान उघडा, त्यात चालू असलेलं, दोन्हीचे ठोके जुळवायचे आणि एक दुसऱ्यात असं सोडायचं की नाचणाऱ्याचा पाय अडखळला नाही पाहिजे. साडेअकरापर्यंत एकशे सव्वीसला आणलेलं असतं. शेवटच्या वीस मिनिटांत मी हल्ली ढोल-ताशाचा एक तुकडा वापरते, आपल्या गणपतीतला मीच फोनवर रेकॉर्ड केलेला, खाली नुसता बेस ठेवते. तो सुरू झाला की मागे भिंतीला टेकून उभी असलेली ठाण्या-डोंबिवलीची पोरं पुढे येतात. ते बघायला मला फार आवडतं. इंग्लिश गाण्यांवर संकोचून उभा असलेला माणूस ताशा ऐकला की खांदे मोकळे करतो, आणि त्या क्षणी मला हे काम सोडून दुसरं काही करावंसं वाटत नाही.

हे सगळं चालतं ते गिरणीच्या कंपाउंडमधे. बाबा, तुमची नव्हे, पण तुमच्या गिरणीपासून चालत पाच मिनिटांवरची. चिमणी तेवढी आहे अजून, बाकी आत काचेची ऑफिसं आणि हॉटेलं. मशीनपैकी एकही ठेवलेलं नाही.

मशीनवरून आठवलं, जर्मनीचं तुम्हाला सांगायचंच राहिलं. २०२४ च्या जुलैत मी गेले होते ना, लाइपझिगला एका छोट्या क्लबात वाजवायला, तेव्हा तिथून मेल्ट नावाचा फेस्टिव्हल बघायला गेले. १९९७ पासून चालू होता आणि ते त्याचं शेवटचं वर्ष. तो व्हायचा फेरोपोलिस नावाच्या जागी, ती जागा म्हणजे जुनी कोळशाची उघडी खाण, खड्ड्यात पाणी भरून तलाव केलाय आणि खाणीतली पाच अजस्त्र मशीनं तिथेच ठेवलीयत, शंभर मीटरच्यावर लांबीची सुद्धा आहेत त्यात. त्या मशीनांच्या मधे स्टेज. रात्री साडेनऊपर्यंत उजेड, लोक तलावावरून ओल्या केसांनी येतायत आणि वर लोखंडाच्या दातांवर निळे दिवे सोडलेत. मी बराच वेळ नाचलेच नाही, त्या मशीनांखाली उभी राहून वर बघत बसले. मला सारखं वाटत होतं की तुमचा एक साचा, कापड विणायचा माग, फक्त एक, लोअर परळला कुठेतरी ठेवला असता, तर मी माझ्याबरोबर वाजवणाऱ्यांना नेऊन दाखवला असता की हे माझ्या बाबांचं.

आणि तिथे आणखी एक गोष्ट बघितली, जिच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. लाइपझिगच्या त्या क्लबात मिक्सरच्या बाजूला एक छोटा डिस्प्ले होता, त्यावर चालू आवाज डेसिबलमधे दिसत होता, आणि साउंडवाला मला सुरुवातीलाच म्हणाला की अर्ध्या तासाची सरासरी ९९ च्या वर जाता कामा नये, त्यांच्याकडे तसं मानकच आहे. बारवर कानात घालायचे फोमचे बोळे फुकट, ग्लासात भरून ठेवलेले. लोक न लाजता घालत होते. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२२ मधे असं मानक काढलंय, पंधरा मिनिटांची सरासरी १०० च्या आत. आपल्याकडे दहा वाजता उघड्यावरचे स्पीकर बंद करा हा नियम सगळ्यांना पाठ आहे, पण तो शेजाऱ्यांच्या झोपेसाठी. आत जो माणूस स्पीकरच्या समोर चार तास उभा आहे त्याच्या कानाचं कोणी बघत नाही, आणि जो कामाला उभा आहे त्याचं तर नाहीच.

मग मी हिशोब वाचून काढला. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. त्याच्यावर दर तीन डेसिबलला वेळ अर्धा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, असं करत १०० ला फक्त पंधरा मिनिटं. आणि शटलच्या साच्यांच्या खात्यात आवाज शंभरच्या आसपास असतो. पंधरा मिनिटं, बाबा. तुम्ही आठ-आठ तासांच्या पाळ्या केल्यात, बदली कामगार होतात तेव्हापासून गिरणी बंद पडेपर्यंत, बयासीच्या संपाचा काळ सोडला तर. कानात काय, तर खात्यातलाच कापूस कोंबलेला. तुम्ही सांगायचात ना मजेत, की साचेखात्यात सगळे ओठ बघून बोलायचे, खुणांनी बोलायचे. कापसाने तो आवाज अडत नाही. तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि ज्यांनी सांगायला पाहिजे होतं त्यांनी वेगळं काही दिलंही नाही, याचा मला आता राग येतो, खूप येतो.

मागच्या महिन्यात मी स्वतःचे कान तपासून घेतले. एका बंद खोलीत बसवतात, इतकी शांत खोली की आपलं गिळणं ऐकू येतं. हेडफोन लावायचे, बारीक बीप ऐकू आला की बटण दाबायचं, बीप हळूहळू लहान होत जातो आणि शेवटी शेवटी कळत नाही की ऐकू येतोय की आपण मनातच धरून बसलोय. मग कागदावर आलेख देतात. माझा चांगला आहे, फक्त चार हजार हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक उंच सुरापाशी, जरासा खड्डा पडायला लागलाय. ती ऑडिओलॉजिस्ट म्हणाली की आवाजाने कान जातात तेव्हा पहिला खड्डा तिथेच पडतो. आत इवल्या केसांसारख्या पेशी असतात, आवाजाच्या लोंढ्यात भाताच्या रोपांसारख्या आडव्या पडतात, थोड्या वेळाने उभ्या राहतात, पण रोज रोज आडव्या पडल्या की एक दिवस उठत नाहीत, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. मग तिने विचारलं, घरात कोणाला कमी ऐकू येतं का. मी म्हटलं बाबांना, ते गिरणीत साचेवाले होते. ती लगेच म्हणाली, मग त्यांना आवाज ऐकू येत असेल पण शब्द कळत नसतील, स, श, थ, फ गळत असतील, पुरुषांचं बोलणं त्यातल्या त्यात कळत असेल आणि लहान मुलांचं अजिबात नाही.

मी तिथे खुर्चीत बसून नुसती मान हलवत राहिले. कारण बाबा, तुम्ही गेल्या पावसात म्हणालात की गावात हल्ली रातकिडे राहिले नाहीत, औषधं मारून मारून संपवले. मी ओटीवर तुमच्या शेजारीच बसले होते आणि रातकिडे इतके ओरडत होते की मला फोनवर समोरच्याचं ऐकू येत नव्हतं. मी काही बोलले नाही तेव्हा. आणि दादाची छोटी, ती तुम्हाला पूर्वी शाळेतलं सगळं सांगत बसायची, आता सांगत नाही. तुम्ही हसता छान, पण ती काहीतरी विचारत असते आणि तुम्ही हसता, आणि मग ती आईकडे जाते. मुलं रागावत नाहीत, फक्त सांगणं बंद करतात.

तसंच त्याच दिवशी माझ्या कानांचे ठसे घेतले. आधी दोरा बांधलेला स्पंजचा बोळा आत सरकवतात, मग सिरिंजमधून गार पेस्ट भरतात, सगळं जग एकदम लांब जातं. पाच मिनिटांनी ती घट्ट झाली की ओढून काढतात, आपल्या कानाची आतली वळणं हातात येतात. त्यावरून सिलिकॉनचे प्लग बनवून दिलेत, मधे फिल्टर आहे, आवाज पंधरा डेसिबलने खाली येतो पण गाणं तसंच राहतं, नुसतं दबत नाही. आता मी ते घातल्याशिवाय बूथमधे जात नाही. आमच्या लाइनमधे एक मित्र आहे, त्याच्या कानात रात्रंदिवस शिटी वाजते, झोपताना त्याला पंखा फुल लावावा लागतो. त्याने मला परवा बजावून सांगितलं की बूथमधला मॉनिटर, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर, रात्री बारानंतर कधीच वाढवायचा नाही, कारण तेव्हा आवाज कमी झालेला नसतो, आपला कान थकलेला असतो.

दिवाळीत तुम्ही लग्नाला आला होतात तेव्हा मी तुम्हाला दुपारी साउंडचेकला घेऊन गेले होते, आठवतं? रिकामा हॉल, दोन पोरं वायरी ओढतायत, तुम्ही चपला बाहेर काढायला निघालेलात. मी बेस चालू केला आणि तुम्ही जाऊन त्या मोठ्या बॉक्सवर पंजा ठेवलात, आणि म्हणालात, "हे ऐकू येतंय." मग म्हणालात की साचा बिघडला तर आधी तळपायाला कळायचं, मागाहून कानाला. तुम्ही तिथे पंधरा-वीस मिनिटं उभे होतात आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्हाला माझ्या कामाबद्दल प्रश्न विचारताना बघितलं. हे बटण कशाचं, तो लाल दिवा का. तुम्हाला ते आवडलं होतं. मलापण.

म्हणून आता सांगते ते नाही म्हणू नका. गणपती आटोपले की तुतारी एक्स्प्रेसने या दोघंही, संगमेश्वरला बसलात की सकाळी दादर, मी न्यायला येते. वांद्र्याला रेक्लमेशनजवळ अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची, काम फक्त वाचा आणि ऐकण्याचं. तिथे सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढू, तपासणी करू, आलेख बघून ऐकण्याचं मशीन ठरवू. आता जी येतात ती तुमच्या मित्राच्या छातीवरच्या खोक्यासारखी नसतात, कानामागे बसतात, आणि तुमचा जो सूर गेलाय तेवढाच वाढवतात, सगळा आवाज नाही. पहिले काही आठवडे भांडी, पेपरची घडी, सगळं कर्कश वाटेल, तेव्हा काढून डब्यात ठेवायचं नाही, रोज थोडं थोडं वाढवायचं. पैशांचं मी बघितलंय, थंडीच्या सीझनचे बाजूला ठेवलेत, त्यावर चर्चा नको.

आणि हे म्हातारपण आहे, असं चालायचंच, हे तर अजिबात म्हणू नका. आवाजाने येणारा बहिरेपणा कारखाना कायद्यात कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत लिहिलेला होता, तिसऱ्या परिशिष्टात. तुम्ही काम केलंत म्हणून तो झालाय. त्या पगारावर मी आणि दादा शिकलो, माझा पहिला कीबोर्ड तुम्ही ओव्हरटाइम करून आणलात. मला माझे कान सांभाळायचे कळलं आणि तुमचे तसेच राहिले, हे मला नाही चालत.

येताना गिरणीची जुनी कागदपत्रं असतील ती पिशवी आणा, ईएसआयचं कार्ड सापडलं तर तेपण, डॉक्टर विचारतील किती वर्षं कुठल्या खात्यात. आई, तू पण तपासून घे, बाबांसाठी मोठ्याने बोलून बोलून तुझा घसा बसलाय तो वेगळाच. आणि टीव्हीचा आवाज तोपर्यंत आहे तसाच राहू दे, त्यावरून भांडू नका. कोकमं पाठवू नकोस कुरियरने, येताना आण.

तुमची,
बाय