अनुदान घेतलेला मराठी चित्रपट आम्ही बघायचा कुठे?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात मी आणि माझी आई एक नवा मराठी चित्रपट बघायला एसटीने जिल्ह्याच्या गावी गेलो. अंतर ४३ किलोमीटर. आईचं वय ८४, तिला पंचाहत्तरीपुढच्यांचा मोफत प्रवास. मला महिलांचं अर्धं तिकीट. म्हणजे जाण्यायेण्याचा भार शासनाने हलका केलेलाच होता आणि त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तिथल्या मल्टिप्लेक्सला त्या चित्रपटाचा दिवसभरात एकच खेळ होता, सकाळी पावणेअकराचा. भाच्याने मोबाइलवरून तिकिटं काढून दिली होती. दारात पोचल्यावर कळलं की खेळ रद्द झालाय, चारच तिकिटं गेली होती. पैसे खात्यात परत येतील, हवं तर दुपारचा हिंदी बघा, असं तिथल्या मुलाने सांगितलं. तो चांगलं बोलला, त्याचा काही दोष नव्हता. आई अर्धा तास लॉबीतल्या खुर्चीत बसली आणि आम्ही पुढच्या गाडीने परत आलो.

पुढच्या शुक्रवारी तो चित्रपट उतरला. आज मी तो शोधतेय, तर एकाही ओटीटीवर नाही, टीव्हीवर लागलेला नाही, कुठे विकतही मिळत नाही. म्हणून हे पत्र.

नवा चित्रपट थिएटरमध्ये बघावा की घरी, यावर वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर बरीच चर्चा होते. मोठा पडदा बरा की सोय बरी, असं विचारतात. हिंदी चित्रपट बघणाऱ्यांना हा प्रश्न खरोखर पडू शकतो. त्यांचा चित्रपट आधी थिएटरात येतो. देशभरातल्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचा आग्रह असल्यामुळे तो साधारण आठ आठवडे घरच्या पडद्यावर येत नाही, पण नंतर येतो. थांबायचं की जायचं, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात राहून मराठी चित्रपट बघू पाहणाऱ्याला हे दोन्ही रस्ते बंद आहेत. थिएटरात तो आठवडाभर असतो, तोही आम्हाला न जमणाऱ्या वेळी, आणि नंतर घरी येतच नाही. काही मोठे चित्रपट ओटीटीवाले घेतात, पण लहान चित्रपट कित्येकदा कुणीच घेत नाही.

प्रेक्षकच नाही, असं सगळेच म्हणतात, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. २०१५ साली शासनाने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवण्याचं बंधन घातलं, तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला होता. आधी संध्याकाळी ६ ते ९ अशी वेळ जाहीर झाली. विरोध झाल्यावर तीच दुपारी १२ ते रात्री ९ अशी ताणली गेली. भर दुपारी बाराचा खेळ प्राइम टाइममध्ये मोजायचा म्हटलं की बंधन कागदावर पाळलं जातं आणि खुर्च्या रिकाम्या राहतात. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी दुपारी बारा वाजता कोण येणार? शिक्षक वर्गावर असतो, दुकानदार गल्ल्यावर आणि शेतातलं माणूस शेतात. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, त्यातल्या एकाही मंगळवारी मला दुपारी बाराचा चित्रपट बघता आला नसता. मग सोमवारी आकडे बघतात, प्रतिसाद नाही म्हणतात, आणि आहे तो खेळही काढतात. ज्या वेळी माणूस येऊच शकत नाही त्या वेळचा आकडा दाखवून माणूस नाही असं ठरवणं मला न्यायाचं वाटत नाही.

माणूस आहे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२३ च्या पावसाळ्यात सहा बहिणींच्या गोष्टीचा एक मराठी चित्रपट लागला होता आणि गावोगावच्या बायका घोळक्याने तो बघायला गेल्या, हे आपल्यालाही आठवत असेल. आमच्या भिशीतल्या सतरा जणी टेम्पो ट्रॅव्हलर करून गेलो. त्यातल्या पाच जणींनी वीस वर्षांत थिएटरची पायरी चढली नव्हती. आम्ही जाऊ शकलो त्याचं कारण साधं होतं. संध्याकाळचे खेळ होते आणि चित्रपट आठवड्यात उतरला नाही. एकीने बघून दुसरीला सांगायला आणि दुसरीने घरातलं उरकून निघायला वेळ मिळाला. लहान मराठी चित्रपट असाच चालतो, तोंडातोंडी. त्याच्याकडे जाहिरातीचे पैसे नसतात, त्याला दुसरा आठवडा लागतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की बंधन खेळांच्या संख्येवर ठेवू नका. रोज संध्याकाळी सहानंतरचा एक खेळ आणि सलग दोन आठवडे, अशी हमी द्या. त्यानंतर कुणी आलं नाही तर खुशाल उतरवा, मी तक्रार करणार नाही.

घरी चित्रपट बघण्याला माझा विरोध नाही, हेही सांगायला हवं. आईला कमी ऐकू येतं. घरी आवाज वाढवता येतो, मध्येच थांबवता येतं, गोळ्यांची वेळ सांभाळता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, तान्ह्या बाळाच्या आईला, रात्रपाळी करणाऱ्याला घरचा पडदा हाच काय तो आधार. पण तिथेही एक गोष्ट मला फार सलते. मराठी चित्रपटांना खाली अक्षरं असतात ती बहुतेक इंग्रजीत. आई मराठी चौथी शिकलेली. तिच्या भाषेतला चित्रपट तिला ऐकू येत नाही आणि खालची अक्षरं वाचता येत नाहीत. संवाद मराठीत लिहिलेले असतातच, तेच पडद्यावर मराठीत उमटवायला फार मोठा खर्च येत असेल असं मला वाटत नाही. केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये कर्णबधिर आणि दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटगृहांकरता मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. राज्याने एक पाऊल पुढे टाकावं. अनुदान घेणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला मराठी अक्षरांची प्रत बंधनकारक करा.

तरीही आईला थिएटरातच जायचं असतं. ती म्हणते, शेजारची बाई हसली की मला कळतं कुठे हसायचं. घरी तिला ते कळत नाही. पदर डोळ्याला लागलेला दिसला की तीही रडते, संवाद कळो न कळो. ऐकू न येणाऱ्या माणसाला शंभर जणांच्या सोबतीने चित्रपट समजतो, हे मी तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे. म्हणून थिएटर असू दे की घर असू दे, हा वाद मला करायचा नाही. आम्हाला दोन्ही हवं आहे. आधी ते आणि मग हे.

आता पैशाचं. चांगल्या मराठी चित्रपटांना शासन अनुदान देतं, आपल्याच विभागाच्या महामंडळाच्या गोरेगावच्या चित्रनगरीतून ती योजना चालते. परीक्षण होतं, दर्जा ठरतो, निर्मात्याला रक्कम मिळते. हे चांगलंच आहे, ते बंद करा असं मी चुकूनही म्हणणार नाही. पण ते पैसे आमच्या करांतून जातात आणि ज्या चित्रपटाला ते मिळाले तो करदात्याला बघायला मिळेल याची खात्री आज मला तरी कुठे दिसत नाही. २०१४ आणि २०१६ या दोन्ही वर्षांचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठी चित्रपटांनी पटकावलं. वर्गात मुलांना मी अभिमानाने सांगितलं. एका मुलीने विचारलं, बाई, आपल्याकडे कधी लागणार? आमच्याकडे त्यातला एकही लागला नाही.

केरळ सरकारने ७ मार्च २०२४ ला स्वतःचा ओटीटी मंच सुरू केला. राज्याचं चित्रपट विकास महामंडळच तो चालवतं. वर्गणी नाही, ज्याला जो चित्रपट बघायचा त्याने तेवढ्याचेच पैसे भरायचे. सुरुवातीला एका चित्रपटाचा दर ७५ रुपये ठेवला होता आणि त्यातला निम्मा वाटा निर्मात्याला. आपल्याकडे तर दादासाहेब फाळक्यांच्या नावाची चित्रनगरी आहे, महामंडळ आहे, तयार चित्रपटांचा साठा आहे. अनुदानाचा शेवटचा हप्ता देताना एवढीच अट घाला: प्रदर्शनानंतर आठ आठवडे चित्रपट फक्त थिएटरांसाठी, आणि त्यानंतर तो कुठल्याच ओटीटीने घेतला नसेल तर राज्याच्या मंचावर, पैसे भरून बघता येईल असा. कुणी चांगल्या किमतीला घेतला असेल तर फारच छान, तिथे आम्ही बघू. कुणीच घेतला नाही म्हणून तो कुठेच दिसू नये, एवढं मात्र होऊ देऊ नका.

पण नुसतं घरापर्यंत आणून थांबू नका, ही कळकळीची विनंती आहे. आमच्या गावातलं टॉकीज बंद होऊन बारा वर्षं झाली, आता तिथे मंगल कार्यालय आहे. मालकाला मी दोष देत नाही, त्याने बरीच वर्षं तोटा सोसला. नवं थिएटर कुणी बांधेल अशी आशाही नाही. मात्र नगरपरिषदेचं नाट्यगृह आहे. वर्षातून काही नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं, पुढाऱ्यांचे सत्कार, बाकी दिवस कुलूप. अशी नाट्यगृहं राज्यात अनेक तालुक्यांत आहेत. तिथे एक चांगला पडदा, प्रोजेक्टर आणि आवाजाची व्यवस्था बसवून शनिवार-रविवार संध्याकाळी मराठी चित्रपट दाखवता येईल. सिनेमाचा परवाना जिल्हाधिकारी कार्यालयाकडून घ्यावा लागतो आणि त्याचा कायदा १९५३ चा आहे. आठवड्यातून दोन दिवस चित्रपट दाखवणाऱ्या नाट्यगृहासाठी सोपा, स्वस्त परवाना काढणं राज्याच्या हातात आहे.

जिथे नाट्यगृहही नाही तिथे तंबू आहेच. आपल्या जत्रांमधून पिढ्यान्‌पिढ्या तंबूतला सिनेमा चालला. आईने तिच्या आयुष्यातला पहिला चित्रपट तंबूतच पाहिला, वाळूत पोतं अंथरून. आता हवा भरून उभी करता येणारी फिरती चित्रपटगृहं निघाली आहेत. २०२१ मध्ये लेहला साडेअकरा हजार फुटांवर असं एक उभं राहिलं होतं. लेहच्या डोंगरात जे जमतं ते मराठवाड्याच्या, विदर्भाच्या मैदानात नक्की जमेल.

तिकीट १०० रुपयांच्या आत राहिलं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी फक्त ५ टक्के आहे. त्यापुढे १८ टक्के, आणि ओटीटीच्या वर्गणीवरही १८. म्हणजे नाट्यगृहातल्या स्वस्त तिकिटाला कराची अडचण नाही. फक्त ही १०० रुपयांची रेषा २०१७ पासून जागची हललेली नाही. जीएसटी परिषदेत राज्याचा प्रतिनिधी बसतो, त्याने ती वर सरकवण्याचा आग्रह धरावा.

एक गोष्ट कबूल करते. जो चित्रपट आम्हाला बघता आला नाही, त्याची चोरीची प्रत मोबाइलवर फिरत होती. ओळखीच्या एका मुलाने ती मला पाठवली आणि मी ती बघितली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत काढणाऱ्याला तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे मला माहीत आहे. माझ्या हातून चूक झाली. चित्रपट सुंदर होता. संपल्यावर मला तिकिटाचे पैसे निर्मात्याला पाठवायचे होते आणि ते स्वीकारणारी एकही जागा मला सापडली नाही. आईला मी ती प्रत दाखवली नाही, ती अजून विचारते आहे.

आमच्या नाट्यगृहात मी मागच्या आठवड्यात शिपायाला विनंती करून टेप घेऊन गेले होते. रंगमंचाचा दर्शनी भाग ३४ फूट रुंद आहे. खुर्च्या ४१२, त्यातल्या ३६ मोडक्या. वीज तीन फेजची आहे, प्रसाधनगृहात पाणी आहे, उतार नाही म्हणून चाकाची खुर्ची मागच्या दाराने न्यावी लागते. हे सगळं कागदावर उतरवून ठेवलंय. आपल्या कार्यालयातून कुणी मागितलं तर त्याच दिवशी पाठवते.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावातली एक निवृत्त शिक्षिका