वाघनखं झाली, आता थेटफर्डकडेही बघा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

२०२४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. सरकारने मनावर घेतलं की अशी कामं होतात, एवढं त्यातून दिसलं. म्हणूनच हे पत्र.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात थेटफर्ड नावाचं जुनं गाव आहे. माणसाच्या हक्कांसाठी लिहिणारा विचारवंत थॉमस पेन १७३७ साली तिथे जन्मला. बाप बायकांच्या काचोळ्या शिवणारा. याच पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ (माणसाचे हक्क) हे पुस्तक जोतिराव फुल्यांनी तरुणपणी वाचलं आणि पुढे काय घडलं ते आपल्याला मी सांगायला नको. गावात पेनचा सोनेरी पुतळा आहे, १९६४चा. त्याच्या हातात तेच पुस्तक आहे, पण उलटं धरलेलं! त्यावरून तिथे अजून वाद रंगतात.

व्हाइट हार्ट स्ट्रीटवर एन्शंट हाउस हे छोटं संग्रहालय आहे. लाकडी सांगाड्याचं, पाचशेहून अधिक वर्षांचं घर. ते गावाला दिलं कोणी, तर पंजाबच्या शेवटच्या महाराजांचे, दुलीपसिंगांचे चिरंजीव प्रिन्स फ्रेडरिक यांनी. गावाजवळ १९७९ साली रोमन काळातलं घबाड सापडलं. सोन्याच्या २२ अंगठ्या, फॉनस देवाचं नाव कोरलेले चांदीचे चमचे. अस्सल ऐवज गेला लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये. थेटफर्डने हुबेहूब नमुने करून मांडले. त्यात त्यांना कसला कमीपणा वाटला नाही, आणि आपल्यालाही वाटू नये.

११ एप्रिल २०२७ रोजी जोतिरावांच्या जन्माला २०० वर्षं होतात. पुण्याच्या फुले वाड्यात त्यानिमित्ताने पेनची एक खोली व्हावी, एवढीच मागणी आहे. जुन्या वाड्यात हवेतला दमटपणा आणि उजेड आटोक्यात ठेवणं अवघड, त्यामुळे अस्सल कागद उसने मागू नयेत. मागितले तरी कोणी देणार नाही. ‘राइट्स ऑफ मॅन’च्या १७९१-९२च्या आवृत्त्यांच्या चांगल्या छायाप्रती, थेटफर्डचा त्या काळचा नकाशा, पेनच्या चित्रांच्या प्रती पुरेत. मात्र सोबत नीट मराठी मजकूर हवा. आपल्याकडे फलक लावताना नेमकी तिथेच हयगय होते.

आणि नुसतं मागू नका, द्याही. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची प्रत आणि तिची अर्पणपत्रिका इंग्रजी भाषांतरासह थेटफर्डला पाठवा. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना पुण्यातल्या एका माणसाने पुस्तक अर्पण केलं, हे पेनच्या गावाला कळू दे.

मिरवणूक नको, शिष्टमंडळाचा दौराही नको. एन्शंट हाउस संग्रहालय नॉरफोक म्युझियम्स सर्व्हिसकडे आहे. आपल्या खात्याच्या सहीशिक्क्याचं पत्र त्यांच्याकडे या महिन्यात गेलं, तर प्रती काढून, मजकूर तपासून खोली वेळेत उभी राहील.

आपला,
पुण्याचा एक नागरिक