आप्पांना घरी नीट पोचवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. समाजसेवा अधीक्षक या पदाची पाटी रुग्णालयातल्या तुमच्या दारावर आहे, एवढं पुरे. बहुतेक नातेवाईक त्या दाराशी महात्मा फुले योजनेच्या, म्हणजे सरकारी मोफत उपचारांच्या, कागदांसाठी येतात आणि सही-शिक्का झाला की जातात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. इतकं जुनं काम, पण पेशंट घरी न्यायची वेळ येईपर्यंत कुणाला त्याची आठवण होत नाही.

आप्पांना अर्धांगाचा झटका आला. आयसीयूतून वॉर्डात आणल्या आणल्या तुम्ही वही घेऊन आलात. डिस्चार्जचं तोवर कुणी नावही काढलं नव्हतं. घरी संडास कुठे आहे? खाटेभोवती दोन्ही बाजूंनी फिरता येतं का? रात्री कोण उठणार? आईंच्या गुडघ्यांचं काय? गावात लाईट किती वेळ जाते? आप्पांच्या आजाराचा आणि लाईटचा काय संबंध, असं दादा माझ्या कानात पुटपुटला. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून लागणाऱ्या हवेच्या गादीचा पंप विजेवर चालतो, हे तुम्ही सांगितल्यावर तो गप्प झाला.

त्याच दादाच्या हातात तुम्ही नळीतून अन्न द्यायची मोठी सिरिंज दिलीत, हे मी जन्मात विसरणार नाही. तो भिंतीला टेकून उभा होता. आई आणि मी शिकतोय, म्हणजे झालंच, अशा थाटात. "रात्रपाळी तुमची ना? मग आधी तुम्ही," असं म्हणून तुम्ही सिस्टरांना बोलावलंत. डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर. नळी जागेवर आहे ना, हे आधी बघायचं. दट्ट्या दाबायचा नाही, पेज आपोआप उतरू द्यायची. खोकला आला की तिथेच थांबायचं. शेवटी पाणी सोडून नळी धुवायची आणि पुढे निदान अर्धा तास तसंच बसतं ठेवायचं. दादाचा हात थरथरत होता, थोडी पेज चादरीवर सांडली. सिस्टरांनी त्याच्याकडून पुन्हा करून घेतलं. तो जमवेपर्यंत तुम्ही हलला नाहीत.

आईचं वेगळंच. माकडहाडावर लाली दिसली की तिचा हात तेलाच्या बाटलीकडे जायचा. तुम्ही तिला रागावला नाहीत. बोटाने दाबून दाखवलंत. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल तर ती जखमेची सुरुवात, तिथे रगडलं तर आतलं मांस आणखी दुखावतं. खुबे आणि टाचाही रोज बघायच्या. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि लिहून ठेवायचं. डावी, उताणे, उजवी असा तक्ता तुम्ही हाताने आखून दिलात. तो आमच्या भिंतीवर कॅलेंडरच्या जागी लागला.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्या असतात, पुढची तारीख असते. रात्री दोनला पेशंटला कुशीवर कोण वळवणार, हे कुठल्याच कार्डावर नसतं. योजनेत दवाखान्यातला खर्च बसतो, रात्रीची आया बसत नाही. पुण्यात आया पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला तर बारा तासांची मावशी मिळते. आमच्या वाई तालुक्यातल्या गावात कुठून मिळणार? तुम्ही उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना स्वतः फोन लावलात, आशाताईंचा नंबर मिळवलात आणि त्यांच्याकडून शेजारच्या गावातली, रुग्णसेवेचा कोर्स केलेली एक मुलगी शोधून काढलीत. डोक्याकडून-पायाकडून वर-खाली करता येणारा फाउलर बेड साताऱ्याहून भाड्याने, आणि तो आप्पांच्या आधी घरी पोचायला हवा, असा तुमचा हट्ट. तो बरोबर होता. बेड लागेपर्यंत माणूस कुठे ठेवायचा?

त्या मुलीबद्दलही तुम्ही बजावलं होतंत: तिला पेशंटचं काम द्यायचं, धुणीभांडी नाहीत, आठवड्याची सुट्टी द्यायची, आणि ती असताना आईने झोपायचं. शेवटचं आईला सगळ्यात अवघड गेलं. नवऱ्याला दुसरं कुणी पुसतंय आणि आपण आडवं व्हायचं, हे तिच्या पिढीला पटणं कठीणच.

आता नळी निघाली आहे. आप्पा मऊ भात आणि घट्ट वरण हळूहळू गिळतात, पातळ पाण्याला अजून ठसका लागतो. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांशी रोज भांडतात, म्हणजे वाचाही परतते आहे. उजवा हात अजून साथ देत नाही. पाठीला मात्र एकही जखम झाली नाही.

बेड परत केला. हवेची गादी आम्ही विकत घेतली होती. ती धुऊन, पंपासकट बांधून ठेवली आहे. वाई-पाचवड भागातलं कुणी तुमच्याकडून सुटणार असेल तर दादाला फोन करा. तो नेऊन लावून देईल, आणि सिरिंज कशी धरायची तेही दाखवेल.

आपली कृतज्ञ,
आप्पांची थोरली